काळ्या दगडाची जात

नागपूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याने निघाले, की कन्हान नदी मागे टाकून आपण मनसरला पोहोचतो. रामटेकचा फाटा इथेच फुटतो. या परिसरात पावसाने धुतलेल्या मातीत काळे, जड, किंचित चकाकणारे दगड दिसू लागतात. हा मँगनीजचा प्रदेश. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतून पलीकडे मध्य प्रदेशातील बालाघाट आणि छिंदवाडा जिल्ह्यांत पसरलेला हा खनिजपट्टा साऱ्या देशाला ठाऊक आहे.

या पट्ट्यातील एका खाणवस्तीत मिस्साबलीसाठी आम्ही गेलो होतो. मिस्सा आटोपल्यावर चहाचा पेला हाती घेतो न घेतो तोच आठवीत शिकणाऱ्या एका मुलाने एक काळा दगड आमच्यापुढे धरला आणि विचारले, "फादर, हा दगड आहे की धातू?" पाठ्यपुस्तकात धातू आणि अधातूंचे प्रकरण त्याला नुकतेच शिकवून झाले होते. धातू चकाकतो, ठोकला असता त्याचा पत्रा होतो, ओढला असता तार होते, त्यातून वीज आणि उष्णता वाहते, ही लक्षणे त्याने पाठ केली होती. त्यांपैकी एकही या दगडाला धडपणे लागू पडत नव्हते. आम्ही दगड वरवर पाहिला आणि म्हणालो, "दगडच आहे बाळा."

मुलाची आजी बाजूलाच उभी होती. तिची उमर खाणीवर माल निवडण्यात गेली होती. ती हसून म्हणाली, "फादर, तोलून तर पाहा. गोटा हलका राहते, माल भारी राहते." मग तिने अंगणातून पांढऱ्या गारेचा तेवढ्याच आकाराचा तुकडा उचलला आणि आमच्या दुसऱ्या तळहातावर ठेवला. फरक तत्काळ कळला. काळा तुकडा गारेच्या जवळजवळ दुप्पट जड होता. आजीने घनता हा शब्द कधी ऐकला नसेल. परंतु घनतेचे ज्ञान तिच्या मनगटात होते.

त्या दिवशी मुलाला द्यायचे राहिलेले उत्तर शोधीत आम्ही परतलो. पुढे काही महिने जी पुस्तके चाळली, त्यांतून एक इतिहास उलगडत गेला. तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटले. कारण या इतिहासाचा एक धागा आपल्या नागपूर जिल्ह्यातून जातो, आणि दुसरा मनुष्याच्या फार जुन्या एका सवयीपर्यंत पोहोचतो.

ती सवय म्हणजे दिसेल, लागेल, जाणवेल त्यावरून वस्तूंचे गट पाडणे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलची चार महाभूते आम्ही घोकली होती. पृथ्वी थंड आणि कोरडी, आप थंड आणि ओले, वायू उष्ण आणि ओला, अग्नी उष्ण आणि कोरडा. आपल्याकडील वैशेषिकांनी हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला. गंध हा पृथ्वीचा विशेष गुण, रस आपाचा, रूप तेजाचे, स्पर्श वायूचा आणि शब्द आकाशाचा. दोन्ही परंपरांचे साधन एकच होते, ते म्हणजे आपली ज्ञानेंद्रिये.

धातूंच्या बाबतीत मनुष्याला आणखी एक परीक्षक सापडला. तो म्हणजे अग्नी. पवित्र शास्त्रातील 'गणना' या पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायात सोने, रुपे, कासे, लोखंड, कथील आणि शिसे अशी नामावळी येते. जे अग्नीत टिकते ते अग्नीतून काढावे, जे टिकत नाही ते पाण्यातून काढावे, असा तेथील विधी आहे. संदर्भ शुद्धीकरणाचा आहे खरा. परंतु वाचताना लक्षात येते, की हे पदार्थांचे त्यांच्या भौतिक गुणावरून केलेले वर्गीकरणच आहे.

रामटेकजवळच्या एका टेकडीला आजही नागार्जुनाचे नाव आहे. रसविद्येचा आचार्य नागार्जुन इथे राहिला होता, अशी या भागाची परंपरा सांगते. परंपरेचे मोल इतिहासकारांनी ठरवावे. रसशास्त्राचे ग्रंथ मात्र आपल्यापुढे आहेत. सुमारे तेराव्या शतकातील 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात धातूंचे तीन वर्ग केलेले आढळतात. सोने, रुपे, तांबे आणि लोखंड हे शुद्ध लोह. शिसे आणि कथील हे पूतिलोह, म्हणजे दुर्गंधी लोह. आणि पितळ, कासे व वर्त हे मिश्र लोह. शेवटचा वर्ग विशेष विचार करण्याजोगा आहे. पितळ सोन्यासारखे झळकत असले, तरी ते एक मूळ द्रव्य नसून मिश्रण आहे, हे या आचार्यांनी ओळखले होते. त्याहून जुन्या 'रसार्णव' ग्रंथात ज्वाळेच्या रंगावरून धातू ओळखण्याची रीत सांगितली आहे. तांब्याची ज्वाळा निळी, कथिलाची पारव्याच्या रंगाची, शिशाची फिकट. आजही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी ज्वालापरीक्षा करतात, तेव्हा ते या जुन्या वाटेनेच चालत असतात.

परंतु इंद्रिये फसतात. आमच्या काळ्या दगडाइतका याचा चांगला दाखला दुसरा नसेल. प्राचीन ग्रीक प्रदेशातील मॅग्नेशिया या नावाशी दोन काळे दगड जोडले गेले. एक लोखंडाला ओढून घेई, दुसरा ओढत नसे. रंगरूप सारखे म्हणून दुसरा हाही लोहचुंबकाचाच एक प्रकार असे लोक समजत. काचकाम करणाऱ्यांना त्याचा निराळाच उपयोग ठाऊक होता. वितळलेल्या काचेत या दगडाची चिमूटभर पूड टाकली, की काचेतील हिरवट झाक नाहीशी होते. शतकानुशतके हा दगड वापरात राहिला. त्याच्या पोटात काय आहे ते मात्र कळले नाही. अखेर १७७४ साली स्वीडनमध्ये कार्ल शेले यांनी यात एक नवा धातू असल्याचे ओळखले आणि त्याच वर्षी योहान गाहन यांनी कोळशाबरोबर तापवून तो वेगळा केला. मॅग्नेशियावरूनच त्याला मँगनीज हे नाव मिळाले.

त्यानंतर पंधरा वर्षांनी, १७८९ साली, फ्रान्समध्ये आंत्वान लव्हाझिए यांनी मूळ द्रव्यांची प्रसिद्ध यादी छापली. ज्याचे आणखी विघटन करता येत नाही ते मूलद्रव्य, ही त्यांची कसोटी. यादीत ३३ नावे होती आणि त्यांपैकी १७ धातू होते. सोने, रुपे, लोखंड यांच्या पंगतीत मँगनीजही बसले होते. याच यादीत प्रकाश आणि उष्णता यांनाही मूलद्रव्ये म्हणून स्थान होते. थोरांच्या हातूनही अशी चूक होते आणि पुढची पिढी ती दुरुस्त करते. शास्त्राची ही रीत आपण सर्वांनीच शिकण्याजोगी आहे.

धातू आणि अधातू हा भेद आता स्थिरावला, असे वाटले तोच तो डळमळू लागला. १८०७ साली हम्फ्री डेव्ही यांनी विजेच्या साहाय्याने पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले. हे दोन्ही पदार्थ चकाकत होते आणि त्यांतून वीज वाहत होती. परंतु ते सुरीने कापता येत होते आणि पाण्यावर तरंगत होते! धातू जड असतो, हा मनुष्याचा हजारो वर्षांचा अनुभव. मग यांना धातू म्हणावे की नाही? पारा तर द्रवच. १८११ साली सापडलेले आयोडीन धातूसारखे चकाकते, पण ते अधातू. पेन्सिलीतील ग्रॅफाइट कोळशाचे भावंड, तरी त्यातून वीज वाहते.

आणि आमचे मँगनीज? शुद्ध मँगनीज करड्या-रुपेरी रंगाचे, कठीण आणि ठिसूळ असते. हातोडा मारला तर त्याचा पत्रा होत नाही, तुकडे होतात. त्याची तार ओढता येत नाही. तांब्याच्या तुलनेने त्यातून वीजही फारच कमी वाहते. आठवीच्या पुस्तकातील चार लक्षणे लावून पाहिली, तर हा धातू परीक्षेत जेमतेम काठावर पास होतो. तरीही तो निःसंशय धातू आहे. याचा अर्थ लक्षणे खोटी आहेत असा नाही. एकेक लक्षण सुटे घेतले, तर ते पुरत नाही, एवढाच याचा अर्थ.

ही अडचण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन विद्वानांनी जवळजवळ एकाच वेळी ओलांडली. जर्मनीतील लोथर मायर यांनी भौतिक गुणांचाच धागा धरला. प्रत्येक मूलद्रव्याच्या अणुभाराला त्याच्या घनतेने भागले, म्हणजे जी संख्या येते तिला अणुघनफळ म्हणतात. पोटॅशियमसाठी ती सुमारे ४५ येते, मँगनीजसाठी अवघी ७.४ च्या आसपास. अणुभाराच्या क्रमाने या संख्या कागदावर मांडून त्यांनी १८७० साली एक आलेख प्रसिद्ध केला. तो डोंगररांगेसारखा चढत-उतरत जातो. शिखरांवर सोडियम आणि पोटॅशियमसारखे मऊ, हलके, लवकर वितळणारे धातू बसतात. दऱ्यांत जड, कठीण, मोठ्या आचेला वितळणारे धातू. मँगनीज, लोखंड, कोबाल्ट आणि निकेल ही मंडळी एकाच दरीत शेजारी शेजारी नांदतात. सुटे सुटे पाहिलेले गुण एका ओळीत मांडल्याबरोबर त्यांतील लय ऐकू येऊ लागली.

दुसरे विद्वान रशियाचे द्मित्री मेंडेलेव्ह. त्यांनी १८६९ साली आपली आवर्तसारणी जाहीर केली. त्यांचे मोठेपण असे, की कोष्टकात जिथे मेळ बसेना तिथे त्यांनी ओढूनताणून कोणालाही बसवले नाही. जागा रिकामी सोडली आणि तिथे येणारा पाहुणा कसा असेल हे आधीच लिहून ठेवले. या न सापडलेल्या मूलद्रव्यांना नावे देताना त्यांनी आपल्या संस्कृतातील अंक घेतले, ही गोष्ट भारतीय वाचकाला सुखावणारी आहे. ॲल्युमिनियमखालच्या रिकाम्या जागेला त्यांनी 'एक-ॲल्युमिनियम' म्हटले, सिलिकॉनखालच्या जागेला 'एक-सिलिकॉन'.

१८७५ साली फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ यांना एक नवा धातू सापडला. त्यांनी त्याला गॅलियम म्हटले आणि त्याची घनता पाण्याच्या ४.७ पट असल्याचे मोजले. हाच आपला एक-ॲल्युमिनियम आणि त्याची घनता ५.९ ते ६ असली पाहिजे, असे मेंडेलेव्ह यांनी कळवले. ज्यांनी तो धातू डोळ्यांनी पाहिलादेखील नव्हता, त्यांनी तो हाती धरणाऱ्याला तुमचे माप चुकले असे सांगावे! गॅलियम अधिक शुद्ध करून पुन्हा मोजले गेले आणि घनता ५.९ भरली. पुढे १८७९ साली स्कँडियम आणि १८८६ साली जर्मेनियम सापडले आणि राहिलेल्या शंका मावळल्या. १८८२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने आपले डेव्ही पदक मेंडेलेव्ह आणि मायर या दोघांना मिळून दिले.

या कोष्टकात मँगनीजची जागा सातव्या गटात होती. तिथेही एक भौतिक गुणच उपयोगी पडला. विहिरीचे पाणी शुद्ध करायला टाकतात ते जांभळे औषध, पोटॅशियम परमँगनेट, आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना चांगले आठवत असेल. त्याच्या स्फटिकांचा आकार क्लोरीनच्या परक्लोरेट नावाच्या क्षारासारखा असतो. एवढ्या साम्यावरून हा काळ्या दगडातील धातू क्लोरीनसारख्या वायूच्या गटात जाऊन बसला. आजच्या कोष्टकात हे दोन गट वेगळे केले आहेत.

मँगनीजच्या खालच्या दोन जागा दीर्घकाळ रिकाम्या राहिल्या. त्यांना एक-मँगनीज आणि द्वि-मँगनीज म्हणत. द्वि-मँगनीज १९२५ साली जर्मनीत सापडले, तेच रेनियम. एक-मँगनीज मात्र पृथ्वीवर शोधून शोधून कोणाच्या हाती लागेना. अखेर १९३७ साली इटलीतील पालेर्मो येथे कार्लो पेरिये आणि एमिलिओ सेग्रे यांना ते मनुष्याने सायक्लोट्रॉन यंत्रात घडवलेल्या नमुन्यात आढळले. म्हणून त्याचे नाव टेक्निशियम, म्हणजे कृत्रिम. रुग्णालयात हाडांची तपासणी करताना जो किरणोत्सर्गी पदार्थ शिरेतून देतात, तो बहुधा हाच असतो. आमच्या धर्मग्रामातील ज्या आजारी बंधुभगिनींनी ही तपासणी करून घेतली आहे, त्यांच्या अंगातून मनसरच्या काळ्या दगडाचा हा भाऊबंद काही तास फिरून गेला आहे!

शेवटचे कोडे उरले होते. अणुभाराच्या क्रमाने गेले तर कोबाल्ट आणि निकेल यांची जागा उलटसुलट होत होती. १९१३ साली इंग्लंडमधील हेन्री मोझली या तरुणाने कॅल्शियमपासून जस्तापर्यंतच्या मूलद्रव्यांचे क्ष-किरण तपासले. त्यांत मँगनीजही होते. प्रत्येकाच्या किरणांतून एक पूर्णांक प्रकट झाला. मँगनीज २५, लोखंड २६, कोबाल्ट २७, निकेल २८. वस्तूची खरी ओळख तिच्या रंगात, वजनात किंवा चकाकीत नसून अणूच्या गाभ्यातील धनभारात आहे, असे सिद्ध झाले. मोझली दोन वर्षांनी, १० ऑगस्ट १९१५ रोजी, गॅलिपोलीच्या रणभूमीवर मारले गेले. तेव्हा ते अवघे २७ वर्षांचे होते.

युरोपात हे सारे घडत असताना नागपूर जिल्ह्यात खाणी उघडत होत्या. १८९६ साली स्थापन झालेली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश कंपनी या पट्ट्यात उतरली आणि १९०० च्या सुमारास येथून मँगनीज परदेशी जाऊ लागले. पोलादाला बळकटी देण्यासाठी मँगनीज लागते; त्यामुळे मागणीला तोटा नव्हता. १९६२ साली भारत सरकारने या कंपनीच्या मालमत्तेत भागीदारी घेऊन नवी कंपनी उभारली आणि १९७७ साली ती पूर्णपणे सरकारी झाली. तीच आजची मॉइल. तिचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे ल्युइस ली फर्मोर यांनी या साऱ्या खाणी पालथ्या घातल्या आणि १९०९ साली भारतातील मँगनीजवर हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ सिद्ध केला. रंग, कठीणपणा, घनता, कस आणि चुंबकत्व यांवरून त्यांनी खनिजे निवडली आणि कित्येकांना नवी नावे दिली. रामटेकजवळच्या बेलडोंगरीच्या खाणीतही सापडलेल्या, लोहचुंबकाला चिकटणाऱ्या एका खनिजाला त्यांनी आपले सहकारी व्ह्रेडेनबुर्ग यांचे नाव दिले. छिंदवाडा जिल्ह्यातील सीतापारच्या एका खनिजाला 'सीतापाराइट' म्हटले. पुढे अधिक सूक्ष्म साधने आली, तेव्हा कळले की पहिले एक खनिज नसून दोन खनिजांची घट्ट वीण आहे आणि दुसरे परदेशात आधीच नोंदले गेलेले बिक्सबाइट आहे. यात फर्मोर यांचा कमीपणा नाही. त्यांच्या हाती जेवढी साधने होती तेवढ्यांनी त्यांनी प्रामाणिक काम केले.

त्यांनीच दिलेले एक नाव मात्र टिकले. गार आणि मँगनीजयुक्त गार्नेट यांच्या एका खडकाला त्यांनी या भूमीतील गोंड समाजावरून 'गोंडाइट' असे नाव दिले. जगभरचे भूवैज्ञानिक आज हा शब्द वापरतात. खडकाला गोंडांचे नाव मिळाले. परंतु तो खडक फोडणाऱ्या आणि टोपल्या वाहणाऱ्या मजुरांपैकी कोणाचे नाव ग्रंथांत उरले?

इथे आम्हाला थांबून विचार करावासा वाटतो. ज्या काळात दगडांची जात ठरवली जात होती, त्याच काळात माणसांचीही ठरवली जात होती. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले नाकाची लांबी-रुंदी मोजून समाजाची उतरंड लावू पाहत होते. १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातीजमातींवरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात परिश्रम पुष्कळ आहेत; परंतु माणूसही खनिजासारखा कप्प्यात ठेवता येतो, हे त्या काळाचे गृहीतक त्यातही डोकावते. योगायोग असा, की त्याच १९१६ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर जातिसंस्थेवर निबंध वाचत होते. जातीचे मूळ रंगात किंवा वंशात शोधू नका, ते जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या रूढीत आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. चाळीस वर्षांनी याच नागपूरच्या भूमीवर त्यांनी आपल्या अनुयायांसह नवी वाट धरली.

मूलद्रव्यांच्या इतिहासात बाह्य लक्षणांची कसोटी अपुरी ठरली, तेव्हा विद्वानांनी ती सुधारली. पितळ सोने नाही हे कळले, तरंगणाऱ्या पोटॅशियमला धातूंच्या पंगतीत पान वाढले, ठिसूळ मँगनीजला बाहेर काढले नाही. माणसांच्या बाबतीत मात्र आपण अजून वर्ण, आडनाव आणि बोली यांवरच तोलतो. लग्नाच्या चौकशीत, भाड्याची खोली देताना, आणि खेदाने म्हणावे लागते, आमच्या काही ख्रिस्ती कुटुंबांतदेखील, "मूळचे कोण?" हा प्रश्न अजून विचारला जातो. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत ज्याला रकाना नाही, तो प्रश्न दिवाणखान्यात कसा येतो, हे आम्हाला न उलगडलेले कोडे आहे.

ईयोबाच्या ग्रंथातील अठ्ठाविसावा अध्याय खाणीचे वर्णन करतो. मनुष्य अंधारात खोल उतरून रुपे, सोने, लोखंड, तांबे शोधून काढतो. परंतु शहाणपण कोणत्या खाणीत सापडते, असा त्या अध्यायाचा प्रश्न आहे. या पट्ट्यातील वस्त्यांत तो अध्याय वाचताना आमचा आवाज दरवेळी थोडा हळू होतो. ऐकणाऱ्यांतील कित्येकांनी तो अंधार स्वतः पाहिलेला असतो.

पुढच्या खेपेस आम्ही त्या वस्तीत गेलो, ते आवर्तसारणीचा एक मोठा तक्ता घेऊन. मुलाला जवळ बसवून पंचविसाव्या घरावर त्याचे बोट ठेवले आणि सांगितले, की तुझा दगड हा दगडही आहे आणि त्याच्या पोटात धातूही आहे. प्राणवायूशी जखडलेला आहे म्हणून दिसत नाही. उत्तम मालात वजनाचा जवळजवळ निम्मा भाग मँगनीजचाच असतो. मागच्या वेळी आमचे उत्तर अर्धवट होते, हेही कबूल केले. मुलाने तक्ता बराच वेळ न्याहाळला. मग त्याने विचारले, "फादर, हे सगळं कळायच्या आधी आजीला कसं काय ओळखू येत होतं?"

आजी दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. सुपातला एक खडा उचलून तिने अंगणात टाकला आणि म्हणाली, "हातात घेतल्याबिगर कसं कळन?"